‘एकच प्याला’ आणि हंसण्याचा गुन्हा

मद्यपानासारख्या भीषण विषयांत विनोद मिसळून गडकऱ्यांनीं ‘एकच प्याला’चें गांभीर्य घालविलें, हा आक्षेप कांहीं विद्वान् अजून घेतात. त्यांनीं एकदां आमच्या मसुऱ्यास येऊन दशावतार पाहावा. ज्या रात्रीं संकासुर हंसवितो त्याच रात्रीं येथील प्रेक्षक डोळेही पुसतो. त्यास त्यांत कांहींच वावगें वाटत नाहीं.

सुधाकरास पहिला पेला देणारा तळीराम तिरस्करणीय असता तर तो पेला घेतला कोणीं असता? हें नाटक शिकवीत असतां आर्य मदिरा मंडळाच्या सभेस सर्वांहून मोठ्यानें हंसणारा एक विद्यार्थी तासानंतर रेंगाळला व हळूच म्हणाला, “सर, माजो बापूस असोच बोलता.” हा प्रवेश ‘थिल्लर’ म्हणून गाळूं पाहणाऱ्यांनीं त्या मुलास काय दिलें असतें? कीर्तन!

सुधाकरास बरें करणारें ठिकाण नाटकांत नाहीं, हें मात्र खरें. पण १९१९ सालीं तें रंगभूमीवर आलें तेव्हां समाजांत तरी तें कोठें होतें? पुण्यास अवचट दांपत्यानें पु. ल. देशपांड्यांच्या साहाय्यानें ‘मुक्तांगण’ उघडलें तें १९८६ सालीं. तेथें व्यसनास पाप न म्हणतां आजार म्हणतात.

नाटक वाचावयाचें तर सबंध वाचा. तळीरामाचीं पानें उलटूं नका.