पाचामुखी परमेश्वर, एकामाथी खापर

'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण शिकवताना आपण 'परमेश्वर' ह्या शब्दावर रेंगाळतो आणि 'पाच' ह्या संख्येवरून घाईने पुढे जातो. वस्तुतः म्हणीचे सारे शहाणपण त्या संख्येत आहे. एका मुखात परमेश्वर वसतो असे ही म्हण म्हणत नाही. एकाची नजर चुकेल, मन कलेल. पाच जण मिळून बोलले तर ते बोलणे सत्याच्या अधिक जवळ जाईल, एवढाच तिचा माफक दावा आहे. खेळाच्या मैदानावर येता येता मात्र 'पंच' हा शब्द एकवचनी झाला. परमेश्वरपणही एकट्याला बहाल झाले आणि चूक झाली की खापरही त्याच एका माथ्यावर फुटू लागले. मग मागणी येते : ह्याला घरी पाठवा. ही मागणी न्यायाची नाही, सोयीची आहे, हे आम्हांला येथे मांडायचे आहे.

आधी प्रकरण. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाची अंतिम लढत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्यात झाली. एक मल्ल खेड तालुक्यातला, म्हणजे ज्या तालुक्यात चाकण आहे तिथला. दुसरा मुळशीतला, म्हणजे ज्या तालुक्यात हिंजवडी आहे तिथला. पिंपरी-चिंचवडच्या दोन बाजूंचे हे दोन शेजारी. पंचांनी शिवराज चितपट झाल्याचे जाहीर केले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. व्हिडिओ पाहून निर्णय पुन्हा तपासावा ही मागणी मान्य झाली नाही आणि संतापलेल्या मल्लाने पंचाला लाथ मारली. त्यानंतरच्या किताबी लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांवर नाराज होऊन मैदान सोडून गेला. राक्षे आणि गायकवाड या दोघांना तीन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले. पुढे चौकशी झाली, वादग्रस्त निर्णय चुकीचा ठरला आणि तो देणाऱ्या पंचालाही तीन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले. किताबाचा निकाल मात्र बदलला नाही.

हा तराजू जरा निरखून पाहावा. लाथेला तीन वर्षे, चुकीलाही तीन वर्षे. हेतुपुरस्सर केलेला हल्ला आणि क्षणार्धात झालेला दृष्टिभ्रम ह्यांचे वजन ज्या पारड्यात सारखे भरते, तो तराजू न्यायाचा नसून जमावाची समजूत काढण्याचा आहे. तुमचा मल्ल गेला ना, घ्या, आम्ही पंचही दिला!

भाषेच्या अभ्यासकांना शब्दांतले फरक सांगायला नकोत. चूक वेगळी, हयगय वेगळी आणि लबाडी वेगळी. पैसे घेऊन किंवा वशिल्याने निकाल फिरवणारा पंच कायमचा गेला पाहिजे, ह्यात वाद नाही. भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून पाकिस्तानचे पंच असद रौफ यांच्यावर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०१६ साली पाच वर्षांची बंदी घातली, तेव्हा तिच्यामागे आरोपांचे स्वरूप तरी स्पष्ट होते. नियमच न वाचता गादीवर उतरणारा, इशाऱ्यांनंतरही न सुधारणारा पंच हयगयीत मोडतो; त्याला खालच्या स्पर्धांत पाठवावे, पुन्हा परीक्षा द्यायला लावावी. परंतु प्रामाणिक, सुटी चूक हा गुन्हा नव्हे. ती ह्या कामाचा स्वभाव आहे. दोन धिप्पाड देह एकमेकांत गुंतून फिरत असताना दोन्ही खांदे त्याच क्षणी गादीला लागले की नाही, हे एका कोनातून पाहणाऱ्या माणसाला ठरवायचे असते. त्याच्या पाठीमागच्या बाजूला काय घडले ते त्याला दिसत नाही. घरात बसलेल्या आपल्याला मात्र ते चार कोनांतून आणि संथ गतीने दिसते.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा येथे प्रामाणिकपणे मांडायला हवा. महाराष्ट्र केसरीची गदा ही नुसती शोभेची वस्तू नाही. विजय चौधरी, नरसिंग यादव यांच्यासारखे मल्ल कुस्तीतल्या कर्तृत्वावर पोलीस उपअधीक्षक झाले. खुराकावर आणि तालमीवर घरादाराची पुंजी खर्ची घालणाऱ्या कुटुंबासाठी गदा म्हणजे आयुष्याची भाकरी. मग पंचाच्या एका चुकीने मल्लाची भाकरी जात असेल, तर पंचाची का जाऊ नये?

प्रश्न रास्त आहे, पण त्यातच त्याचे उत्तर दडलेले आहे. पंचाची भाकरी गेल्याने मल्लाची परत येते का? मल्लाला हवी असते ती दुरुस्ती, आणि ती त्याच संध्याकाळी हवी असते. दुरुस्तीची वाट बंद ठेवायची आणि नंतर शिक्षेचे दार सताड उघडायचे, ह्यात मल्लाच्या पदरात काहीच पडत नाही. शिवाय आपल्याकडे बहुतेक खेळांतला पंच हा पंचगिरीवर पोट भरत नाही. तो कुठे क्रीडाशिक्षक असतो, कुठे जुना मल्ल. त्याच्याजवळ गमावण्यासारखे असते ते नाव. ते गेले की दुसरा सुज्ञ माणूस त्या शिट्टीला हात लावायला धजत नाही.

आपण शिक्षकमंडळी तरी ह्याहून निराळी कुठे आहोत? उत्तरपत्रिका तपासताना चुका होतात आणि एका गुणाने एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष जाते. ही किंमत पंचाच्या चुकीहून लहान नाही. तरीही विद्यापीठे परीक्षकाला बडतर्फ करीत सुटत नाहीत. छायाप्रत देतात, पुनर्मूल्यांकन करतात. ती व्यवस्था संथ आणि सदोष आहे हे खरे, पण तिच्यामागचे तत्त्व योग्य आहे : माणूस चुकणार हे गृहीत धरा आणि चूक पकडणारा दुसरा डोळा ठेवा.

हेच तत्त्व आमच्या ह्या औद्योगिक पट्ट्यात रोज कसाला लागते. चाकणच्या एखाद्या कारखान्यातून सदोष भाग पुढे गेला, तर दोन प्रकारचे मालक भेटतात. पहिला त्या पाळीच्या कंत्राटी पोराचे गेट बंद करतो. पुढच्या महिन्यात तोच दोष नव्या पोराच्या हातून पुन्हा घडतो. दुसरा 'का?' हा प्रश्न एकामागून एक पाच वेळा विचारतो आणि चुकीच्या बाजूने भाग बसूच शकणार नाही अशी रचना करतो. जपानी लोक तिला 'पोका-योके' म्हणतात आणि आमचे विद्यार्थी हा शब्द रात्रपाळीतून वर्गात घेऊन येतात. पहिल्या मालकाच्या कारखान्यात आणखी एक गोष्ट घडते : गेट बंद होण्याच्या भीतीने कामगार सदोष भाग लपवू लागतात. पंचांचेही तसेच होते. चूक कबूल केली की गच्छंती, हे ठाऊक असलेला पंच आपल्या चुकीच्या निर्णयाला कवटाळून बसतो.

ह्याच्या उलट घडलेले उदाहरण अमेरिकेतल्या बेसबॉलचे आहे. २ जून २०१० रोजी जिम जॉयस ह्या पंचाच्या चुकीमुळे अर्मांडो गलारागा ह्या खेळाडूचा अत्यंत दुर्मीळ विक्रम शेवटच्या क्षणी हुकला. चित्रफीत पाहताच जॉयसने चूक उघडपणे मान्य केली. दुसऱ्या दिवशी तोच पंच मैदानात उभा होता आणि गलारागाने त्याच्या हाती संघाची यादी दिली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. २०१४पासून त्या खेळात चित्रफितीद्वारे फेरतपासणीची व्याप्ती मोठी वाढवण्यात आली. माणूस टिकला, पद्धत सुधारली.

आपण काय केले? जानेवारी २००८मध्ये सिडनी कसोटीत स्टीव्ह बकनर यांच्या हातून गंभीर चुका झाल्या. सायमंड्स ३० धावांवर बाद असताना नाबाद ठरला आणि त्याने नाबाद १६२ धावा केल्या. भारतीय मंडळाने आवाज उठवला आणि पर्थच्या कसोटीतून बकनर यांना दूर केले गेले. आपण टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी करण्याची पद्धत प्रयोगादाखल सुरू झाली, आणि आपल्याच मंडळाने पुढे कित्येक वर्षे तिला विरोध केला. आपल्या कसोटी मालिकांत ती रुजायला २०१६ उजाडले. माणूस हटवायला काही दिवस पुरले, व्यवस्था स्वीकारायला आठ वर्षे लागली. बळी देणे सोपे असते, ते असे.

कुस्तीतही तेच. जानेवारी २०२३मध्ये कोथरूडच्या स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीतल्या चार गुणांवरून राज्यभर वादळ उठले आणि पंचाला दूरध्वनीवरून धमकी आली. दोन वर्षांनी धमकीची लाथ झाली. मधल्या काळात, मल्लाला विश्वास वाटेल अशी फेरतपासणी उभी करण्याचे काम कोणाचे होते? पंचाचे खचितच नव्हे. ते पदाधिकाऱ्यांचे होते. पण पदाधिकारी गुंतले होते दुसऱ्याच कुस्तीत. नोव्हेंबर २०२३मध्ये फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले. अहिल्यानगरनंतर दोन महिन्यांच्या आत त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला आणखी एक. ज्या किताबावर मल्लाची भाकरी अवलंबून आहे त्याची अशी वाटणी करणे, ही कुठल्याही पंचाच्या चुकीहून महाग चूक आहे. तिच्यासाठी कोणाची खुर्ची गेली?

ही परंपराही जुनीच म्हणायची. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांना एका प्रदीर्घ लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देता लगेच पुढच्या लढतीला उभे केले गेले, आणि त्यांची बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. कांस्यपदक खाशाबांनी स्वबळावर आणले. गैरहजरांचा हिशेब कोणी मागितला नाही.

तेव्हा महागड्या चुकीची किंमत कोणी मोजावी, हा प्रश्न जरूर विचारू या, पण योग्य दारावर. पंचाची चूक तपासायची सोय ज्यांनी केली नाही, केली असल्यास ऐन वेळी नाकारली, आणि नंतर पंचालाच पुढे ढकलून स्वतः व्यासपीठावर हार घालून घेतले, त्यांना जाब विचारू या. पंचाला दुसरा डोळा द्या, तिसरा द्या, चूक मान्य करण्याची मुभा द्या. म्हणीत पाच आहेत. उरलेले चार कुठे गेले, हे त्या एकट्याला विचारून कसे चालेल?