क्लिक कोणाचा, शिक्षा कोणाला?

एप्रिल महिना आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरू लागतो. ‘आपल्या माणसाची वेबसाइट आहे. लेख वाचा आणि जाताना जाहिरातीवर दोन-चार वेळा क्लिक करा, चळवळीला तेवढीच मदत.’ खाली निळे झेंडे आणि जोडलेले हात. हा निरोप आम्हीही पुढे पाठवलेला आहे. म्हणून आज जे लिहितो आहोत ते आधी स्वतःलाच उद्देशून आहे. ही मदत नाही, ही फसवणूक आहे. आणि तिची शिक्षा त्याच आपल्या माणसाला होते.

व्यवहार साधा आहे. जाहिरातदार क्लिकमागे पैसे मोजतो, मधली कंपनी आपला वाटा कापते आणि उरलेले वेबसाइटवाल्याला मिळते. गुगलने 2010 मध्ये ॲडसेन्सचे आकडे पहिल्यांदा उघड केले तेव्हा लेखाशेजारच्या जाहिरातीत प्रकाशकाचा वाटा 68 टक्के होता. हा पैसा ज्याच्या खिशातून येतो तो दरवेळी टाटा-अंबानी नसतो. तो नांदेडचा स्पर्धा परीक्षेचा क्लास असू शकतो, घरून मसाले विकणारी एखादी ताई असू शकते. मसाला घ्यायचाच नाही हे ठरवून आपण क्लिक केले की तिच्या दिवसाच्या खर्चातले काही रुपये हकनाक गेले. ‘चळवळीसाठी’ म्हटल्याने ते परत येत नाहीत.

एवढे कबूल केल्यावर दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण खरा अन्याय तिथे आहे.

जगातली मोठी क्लिक-चोरी गावातल्या ब्लॉगवाल्याने केलेली नाही. ‘मेथबॉट’ या प्रकरणात रशियन टोळीने अमेरिकेतल्या डेटा सेंटरमध्ये 1,900 हून अधिक सर्व्हर भाड्याने घेतले, हजारो नामांकित वेबसाइटींची खोटी नावे लावली आणि माणूसच जाहिरात पाहतो आहे असे यंत्राकडून भासवले. तिच्या सूत्रधाराला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 2021 मध्ये दहा वर्षांची शिक्षा दिली. पण त्याच्यावर आरोपपत्र होते, पुरावे होते, वकील होता, ज्यूरी होती. आता छोट्या प्रकाशकाकडे बघा. एक दिवस ईमेल येतो: तुमच्या खात्यावर अवैध क्लिक आढळले, खाते बंद. किती क्लिक, कोणत्या तारखेला, कोणत्या पानावर, यातले काही नाही. साठलेली रक्कम रोखली जाते आणि शक्य असेल तिथे जाहिरातदाराला परत जाते. अपील करता येते, पण ते ऐकणारी कंपनी तीच.

कोणता आरोप आहे हेच ठाऊक नसताना बचाव कशाचा करायचा? त्यात तांत्रिक अडचण आणखी. जाहिरात आपल्या पानावर दिसते, पण ती येते कंपनीच्या सर्व्हरवरून, तिच्या स्वतंत्र चौकटीत. पान कोणी उघडले ते आपल्या नोंदीत सापडते, जाहिरातीवर बोट कोणी ठेवले ते सहसा सापडत नाही. ती नोंद कंपनीजवळ. फिर्यादी, साक्षीदार, न्यायाधीश आणि तिजोरीचा कारकून, सगळे एकाच खुर्चीत.

आणि क्लिक करणारा दरवेळी आपला हितचिंतकच असेल असे नाही. खैरलांजीवर लिहा, आरक्षणावर लिहा, टोळधाड कशी येते हे आपल्याला नव्याने सांगायला नको. फेसबुकवर सामूहिक तक्रारी करून आपली पाने बंद पाडणाऱ्यांना एखाद्या वेबसाइटच्या जाहिरातीवर रात्रभर क्लिक करत बसायला कितीसा वेळ लागतो? शिवी दिली तर पुरावा राहतो. क्लिकचा पुरावा आपल्या हाती येतच नाही.

कंपन्या म्हणतात, पकडण्याची पद्धत उघड केली तर चोर शहाणे होतील. यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण पद्धत गुप्त ठेवणे वेगळे आणि आरोप गुप्त ठेवणे वेगळे. पोलीस खबऱ्याचे नाव सांगत नाहीत, दोषारोपपत्रात मात्र तारीख, ठिकाण आणि कृत्य लिहावेच लागते. आपल्या वाचकांत सरकारी कर्मचारी पुष्कळ आहेत. कारणे दाखवा नोटीस, विभागीय चौकशी हे शब्द त्यांना पाठ आहेत. कलम 311 मुळे सरकारी शिपायालाही, काही अपवाद सोडले तर, त्याच्यावरचा आरोप सांगून आणि म्हणणे मांडण्याची संधी देऊनच बडतर्फ करता येते. डिजिटल शिपायाला तेवढेही नाही.

‘खाजगी कंपनी आहे, अटी मान्य करूनच आलात ना?’ असे विचारणारे आपल्यातही आहेत. त्यांनी बाबासाहेबांचे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ पुन्हा उघडावे. राज्यसंस्थेने हात काढून घेतला की उरते ते स्वातंत्र्य जमीनदाराचे आणि मालकाचे असते, हा मुद्दा त्यांनी 1947 मध्येच मांडला आहे. पर्याय नसलेल्या माणसाची सही ही संमती नव्हे. आणि पर्याय का नाहीत, याचेही उत्तर आता न्यायालयाच्या नोंदीत आहे. प्रकाशकांच्या जाहिरात-तंत्राच्या बाजारात गुगलने बेकायदेशीर मक्तेदारी राखली, असा निकाल अमेरिकेत व्हर्जिनियाच्या संघीय न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये दिला.

‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 ला निघाला तेव्हा पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. तेव्हा नकार देणाऱ्या संपादकाचे दार कुठे आहे हे तरी माहीत होते. आज दारच दिसत नाही. आम्ही दोन्ही गोष्टी एकच आहेत असे म्हणत नाही. यंत्र जात विचारून खाते बंद करते असा आमचा आरोप नाही. पण ज्याच्यामागे ट्रस्ट नाही, उद्योगपती नाही, ओळखीचा अधिकारी नाही, त्याला बंद खाते उघडून घेणे सर्वात अवघड जाते, आणि ते लोक कोण, हे आपल्याला ठाऊक आहे.

भांडून काहीच मिळत नाही असेही नाही. खोट्या क्लिकचे पैसे लावले म्हणून जाहिरातदार अर्कान्सासच्या न्यायालयात गेले आणि 2006 मध्ये गुगलने नऊ कोटी डॉलरची तडजोड केली, त्यातला मोठा भाग रोख नव्हे तर जाहिरातीच्या सवलतीचा. खाती बंद करून कमाई रोखली म्हणून प्रकाशक कॅलिफोर्नियात लढले. त्यांची तडजोड 2018 मध्ये एक कोटी दहा लाख डॉलरवर झाली. ज्याचे पैसे आत येतात त्याची तडजोड आठपट आणि बारा वर्षे आधी. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने जानेवारी 2022 मध्ये जाहिरात-उत्पन्नाबाबत गुगलची चौकशी सुरू करायला सांगितले, पण तक्रार होती मोठ्या वृत्तसमूहांच्या संघटनेची. त्या टेबलावर जिल्ह्याच्या गावातून चालणाऱ्या वेबसाइटवाल्याला खुर्ची नव्हती.

ती खुर्ची मागितली पाहिजे. कारवाईपूर्वी नोटीस, नोटिशीत तारखा, पाने आणि क्लिकची संख्या, उत्तराला मुदत, वादात नसलेल्या रकमेचे तात्काळ वाटप आणि कंपनीबाहेरचा अपील अधिकारी: एवढी मागणी घेऊन छोट्या प्रकाशकांनी एकत्र यावे. मोठ्या समूहांच्या मागे फरफटत नको.

तोपर्यंत ज्यांची वेबसाइट आहे त्यांनी रोजच्या भेटींचा आकडा पाहायची सवय लावावी. एकाच ठिकाणाहून अचानक लोंढा आला तर तारीख-वेळ टिपून सर्व्हरची नोंद जपून ठेवा आणि कंपनीच्या अवैध क्लिकच्या अर्जातून आपणच आधी कळवा. ईमेल येऊन पडल्यावर नव्हे. आणि ग्रुपवर तो एप्रिलचा निरोप दिसला तर पाठवणाऱ्याला तिथेच सांगा, दादा, हे काढून टाका. मदत करायची असेल तर वर्गणी द्या, पन्नास रुपयेही चालतील.