पथ्याची यादी आणि मुलाचे ताट

आपल्या चिकित्सालयांत हल्ली एका विशिष्ट प्रकारचे बालरुग्ण वारंवार येतात. वय तीन ते सहा वर्षे, त्वचेवर विचर्चिका, अधूनमधून श्वास, आणि आईच्या हातात रक्ततपासणीचा अहवाल. त्या अहवालात दूध, गहू, अंडे, शेंगदाणा, तीळ, सोयाबीन अशा दहावीस पदार्थांपुढे खुणा केलेल्या असतात. त्यातील बहुतेक पदार्थ घरी बंद झालेले असतात. त्यानंतर आपण वैद्य मंडळी दही, केळे, आंबट, तळलेले व विरुद्धाहार यांची आपली यादी त्यावर चढवतो. दोन्ही याद्या एकत्र केल्या की त्या मुलाच्या ताटात भात आणि साखरपाणी उरते. या विषयावर आमचे मत स्पष्ट आहे. जो वैद्य पदार्थ वर्ज्य करतो, त्याने त्याच कागदावर त्याचा पर्याय लिहून दिला पाहिजे. जो औषध देतो, त्याने त्या औषधात कोणते अन्न दडले आहे हे जाणून घेतले पाहिजे.

प्रथम अहवालाविषयी. रक्तातील विशिष्ट आयजीई वाढलेले असणे म्हणजे ॲलर्जी नव्हे. ती केवळ संवेदनशीलतेची खूण आहे. तो पदार्थ खाल्ल्यावर अल्पकाळात गांधी, ओठ सुजणे, उलटी, खोकला अशी लक्षणे उद्भवतात का, हा इतिहास निर्णायक ठरतो. ज्या पदार्थांनी मुलास कधीही त्रास झाला नाही आणि जे तो नित्य खात आहे, ते केवळ कागदावरील खुणेमुळे बंद करू नयेत. आयजीजीच्या तपासण्यांवरून तर अन्नाच्या ॲलर्जीचे निदान होतच नाही. दुधातील शर्करा न पचणे आणि दुधातील प्रथिनांची ॲलर्जी या दोन भिन्न अवस्था आहेत. पहिलीत पोट बिघडते. दुसरीत प्राण जाऊ शकतात.

येथेच आपल्या शास्त्रीय परिभाषेचा उपयोग सावधपणे करावयास हवा. असात्म्य ही संज्ञा व्यापक आहे; तिच्यात अग्नी, काल, देश आणि मुख्यतः मात्रा यांचा विचार आहे. 'अल्प मात्रेत चालेल' हे वाक्य आपल्या जिभेवर सहज येते, ते याच संस्कारामुळे. परंतु तीव्र ॲलर्जीत चिमूटभर कूट किंवा चमचाभर ताकही घातक ठरू शकते. चरकसंहितेत सांगितलेला पादांशिक क्रम अहितकर सवयी टप्प्याटप्प्याने सोडण्यासाठी व हितकर सवयी जोडण्यासाठी आहे. ॲलर्जीचा पदार्थ घरच्या घरी थोडाथोडा चारून 'सात्म्य' करण्यास त्याचा आधार घेणे सर्वथा अयोग्य होय. असे प्रयोग मोजलेल्या मात्रेने, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व तातडीच्या उपचारांची सोय असलेल्या रुग्णालयातच होतात. गाईऐवजी शेळीचे दूध सुचवण्याची पद्धतही सोडावयास हवी. गोदुग्धाची ॲलर्जी असलेल्या बहुसंख्य मुलांस शेळीचे दूधही बाधते, कारण दोहोंतील प्रथिने अत्यंत सदृश आहेत. म्हशीच्या दुधाबाबतही हीच सावधगिरी हवी.

आता आपल्या औषधांकडे वळू. कंडूसाठी आपण विश्वासाने गंधक रसायन देतो. त्यातील गंधक तुपात वितळवून दुधात ओतून शुद्ध केलेला असतो आणि पाठानुसार त्यास गोदुग्धाची भावनाही असते. दुधाने त्वचा फुलणाऱ्या मुलास आपण हेच देत असू, तर अपयशाचे खापर कोणावर फोडावे? सर्व औषधी घृते हीही दुग्धजन्य आहेत. कढवलेल्या तुपात दुग्धप्रथिनांचे अंश राहू शकतात. च्यवनप्राशात तूप व तिळाचे तेल दोन्ही असतात. क्षीरबला तैलात क्षीर व तीळ आहेत आणि ते नाकावाटे वा पोटातही दिले जाते. हिंग्वष्टक चूर्णातील हिंग तुपात भाजतात. शिवाय बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. कुक्कुटांडत्वक् भस्म अंड्याच्या कवचापासून होते, हे अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईस आधी सांगितलेच पाहिजे. घरच्या गुटीत बदाम उगाळतात. सहाण तीच राहते, हेही विचारून घ्यावे. फुटलेल्या, ओल्या त्वचेवर खाद्यतेलांचा अभ्यंग करतानाही विचार हवा. दाह झालेल्या त्वचेवाटे अन्नप्रथिनांशी होणारा संपर्क संवेदनशीलता वाढवू शकतो, असे गेल्या दोन दशकांतील संशोधनाने दाखविले आहे.

म्हणून औषधी निर्माते व औषधी दुकानदार बंधूंना आमची विनंती आहे. औषधी नियम १९४५ मधील नियम १६१ अन्वये लेबलवर घटकद्रव्ये छापली जातात, हे खरे. परंतु तेथे 'शुद्ध गंधक' एवढेच वाचावयास मिळते. शोधन कशात झाले हे कळत नाही. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर दूध, अंडे, शेंगदाणा, सोयाबीन, ग्लुटेनयुक्त धान्ये इत्यादींचा स्वतंत्र उल्लेख करणे २०२० च्या विनियमांनी आवश्यक केले आहे. बिस्किटाच्या पुड्यावर जे छापता येते, ते मुलांस देण्याच्या औषधाच्या बाटलीवर का छापता येऊ नये? कायद्याची वाट न पाहता 'या कल्पात दूध, तूप, तीळ, गहू यांचा वापर शोधन, भावना वा आधारद्रव्य म्हणून केला आहे' अशी एक ओळ स्वेच्छेने घालावी. दुकानदारांनी निदान आपल्या पुरवठादारास हा प्रश्न विचारून उत्तर नोंदवून ठेवावे.

ताटाचा विचार त्याहून महत्त्वाचा. काश्यपांनी आहारास महाभैषज्य म्हटले, याचा अर्थ तो काढून घेणे हे औषध बंद करण्याइतकेच गंभीर आहे. दूध बंद करताना पुढील हिशेब मांडावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ४ ते ६ वर्षांच्या मुलास रोज ५५० मि.ग्रॅ. कॅल्शियम लागते. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३६० मि.ग्रॅ. असते, म्हणजे ५० ग्रॅम नाचणीच्या आंबीलीने वा भाकरीने गरजेचा जेमतेम तिसरा हिस्सा भागतो. उरलेले शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, आणि चालत असल्यास काट्यासह खाता येणारी लहान मासळी यांतून मिळवावे. तेवढ्याने भागत नसेल तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने पूरक कॅल्शियम द्यावे. नारळाचे दूध स्निग्ध आहे, पण त्यात प्रथिने फारच थोडी. ते दुधाचा पर्याय नव्हे. प्रथिनांसाठी निर्धोक ठरलेली मुगाची वा मसुराची डाळ दोन वेळा असावी. गव्हाऐवजी ज्वारी, बाजरी, तांदूळ. तुपाऐवजी खोबरेल वा करडईचे तेल. कोशिंबिरीतील दाण्याचा कूट, साबुदाण्याची खिचडी, संक्रांतीचा तिळगूळ, वाढदिवसाचा केक या जागा आईला नावानिशी सांगाव्यात. शाळेच्या डब्यातील देवाणघेवाण शिक्षिकेच्या कानावर घालावी. प्रत्येक भेटीत वजन व उंची नोंदवावी. वाढीचा आलेख सपाट होऊ लागला की आपली पथ्ययादी फसली, असे समजावे.

यादीला मुदतही असावी. दूध व अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांत वयाबरोबर ओसरते. शेंगदाण्याची मात्र बहुधा टिकते. वर्षातून एकदा तरी तज्ज्ञांकडून फेरतपासणी झाली पाहिजे. धाकट्या भावंडास 'खबरदारी' म्हणून सगळे बंद ठेवण्यासही आधार नाही. लंडन येथे ६४० अर्भकांवर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धोका अधिक असलेल्या ज्या बालकांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी पुष्कळच कमी आढळली. असा निर्णय अर्थात तपासणीनंतरच घ्यावा; आणि अर्भकास अख्खा दाणा कधीही देऊ नये, तो घशात अडकतो.

शेवटी तातडीच्या प्रसंगाविषयी. अन्नानंतर अंगावर गांधी उठून श्वास अडखळू लागला, आवाज बदलला किंवा मूल निस्त्राण झाले, तर कोणत्याही चूर्णात वा काढ्यात वेळ दवडू नये. स्नायूत दिलेले ॲड्रिनॅलिन हाच प्रथमोपचार होय. कंडूशामक गोळी त्याची जागा घेत नाही. आपल्या परवान्याच्या मर्यादेत ते चिकित्सालयात ठेवावे, त्याची मुदत तपासावी. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी मुलास पायाकडील बाजू उंच करून निजवावे, श्वास लागत असल्यास बसते ठेवावे, आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे.

या सूचनांमुळे आयुर्वेदाचा गौरव कमी होतो असे आम्हांस मुळीच वाटत नाही. पथ्यविचार हे आपल्या शास्त्राचे बलस्थान आहे, म्हणूनच त्यातील ढिलाई आपल्याला शोभणारी नाही. येत्या त्रैमासिकापूर्वी आपापल्या कपाटातील बालरुग्णांस दिली जाणारी दहा औषधे काढून त्यांत दूध, तूप, तीळ, गहू वा अंडे कोठे येते, एवढे टिपण प्रत्येकाने करावे आणि संघाकडे पाठवावे. त्या टिपणांतून एक सामाईक सूची तयार झाली, तर अनेक मातांच्या मनावरचे ओझे हलके होईल.