चाळणी कशासाठी?

पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीवरचा नेहमीचा आक्षेप असा, की पाचवीच्या दारातच बुद्धिमापन चाचणी लावून हुशारांना वेगळे काढणारी शाळा विषमता पोसते. उत्तरही ठरलेले: देश घडवायला नेतृत्व लागते आणि नेतृत्वाला बुद्धी. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली सदाशिव पेठेत संस्था काढली, १९६९ साली प्रशाला, ती याच विचाराने. हुशार मुलांची आबाळ होते, हे मला मान्य आहे. साठ मुलांच्या वर्गात चटकन समजणारे पोर कंटाळून वहीच्या कडेला नक्षी काढत बसते. त्याच्या काळजीला ‘उच्चवर्णीयांचे चोचले’ म्हणून मोडीत काढणे हा निव्वळ आळस. पण त्यावरून चाळणीच हवी, हे कुठे सिद्ध होते?

प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागाने आधाराला घेतलेले, मानसशास्त्रज्ञ गिलफर्डचे बुद्धीचे प्रतिमान तर उलटेच सांगते. बुद्धी ही एक वस्तू नव्हे. त्याने तिच्या १२० क्षमता मांडल्या. एकीत तल्लख पोर दुसरीत साधारण असू शकते. मग एकाच यादीत वर कोण, खाली कोण? जागा मोजक्या, रेघ कुठेतरी ओढावीच लागते, असे कोणी म्हणेल. कबूल, पण ती जागेची अडचण झाली, तिला तत्त्वज्ञानाचा शालू कशाला नेसवायचा? शिवाय प्रशालेची खरी कमाई कशात आहे ते पाहा: प्रकल्प, गावोगावच्या पाहण्या, आठवीतला विद्याव्रत संस्कार, गणेशोत्सवातले बरचीचे पथक. ताशाच्या ठेक्यावर बरची फिरवताना हाताला ताल हवा आणि शेजारच्याच्या डोक्याचे भान हवे. बुद्ध्यंक तिथे कोणी विचारत नाही.

असे शिक्षण सर्वांना दिले की दर्जा घसरतो, हा शेवटचा आक्षेप. मराठवाड्यातल्या १९९३च्या भूकंपानंतर याच संस्थेने तिथल्या हराळी गावात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा उभी केली आणि शेतीलाच शिक्षणाचा भाग केले. तिथला पहिला प्रश्न हुशार कोण हा नव्हता, शाळा कोणाला हवी हा होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हाही पैसा नाही, लोक तयार नाहीत, असेच ऐकवले गेले. १९१२ साली विधेयक पडले आणि शिक्षण हा मुलांचा हक्क ठरवणारा कायदा यायला २००९ साल उजाडले. इतके थांबण्याची आता गरज नाही. प्रबोधिनीने आणि महापालिकेने मिळून सदाशिव पेठेजवळच्या एखाद्या मनपा शाळेतली पाचवीची एक तुकडी घ्यावी, आख्खी, चाचणी न घेता, हजेरीपटावर आहे तशी.