हिशेब हवा, पण पुरा



‘एका प्रयोगासाठी दोन महिने?’ हे पत्र वाचले. राज्य नाट्य स्पर्धेतल्या एका प्रयोगासाठी महिनोन्महिने तालमी आणि नेपथ्याला पदरचे पैसे, हा आतबट्ट्याचा व्यवहार असल्याचे पत्रलेखकाचे म्हणणे. हिशेब जरूर मांडावा. पण एका रात्रीच्या तिकीटविक्रीवर मांडला तर तो चुकणारच.

सिनेमातले उदाहरण घ्या: त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या चित्रपटकार दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला आणि कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडेथोडे चित्रण करत महिनाभर त्याची वाढ टिपली. पडद्यावर ती बघता बघता संपे. तासांच्या भावाने शुद्ध तोटा! पण तीच फीत दाखवून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटासाठी भांडवल उभे केले.

पत्रलेखकाचा एक मुद्दा मात्र रास्त आहे: किंमत मोजतो कोण? फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, रात्री अंधारात कच्च्या फिल्मला भोके पाडली. खुद्द फाळके १९४४ मध्ये नाशकात हलाखीतच गेले.

म्हणून नाट्यसंस्थांनी तालमींआधीच खर्चाचा कागद सर्वांपुढे ठेवावा. प्रकाशयोजना, रंगभूषा करणाऱ्यांचे मानधन आधी बाजूला काढावे. आपला वेळ स्वखुशीने द्यावा, दुसऱ्याचा फुकट धरू नये. एवढे पाळले, तर तालमी किती लांबतात याची काळजी इतरांनी करू नये.

– एक हौशी रंगकर्मी, नाशिक