आईची मालिका, घरचा राउटर आणि 'चोर' हा शब्द

परवा एका साखरपुड्याच्या पंगतीत आमच्या पाहुण्यांतले एक वकील चार लोकांसमोर मला म्हणाले, "म्हणजे तू चोरून बघायची सोय केलीस की रे!" सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

झालं असं. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आई तीन महिने जर्मनीला गेली. इथं इचलकरंजीत तिची रोज रात्री आठची मालिका ठरलेली. तिथं उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, म्हणजे दुपारी साडेचार. बाळ झोपलेलं, बहीण झोपलेली, जावई कामावर, भाषा येत नाही, शेजारी कोण नाही. त्या वेळी आईला टीव्हीवर दोन मराठी माणसं भांडताना दिसली तर कुणाचं काय जातंय? ॲपचे वर्षाचे पैसे मी भरलेले. लॉगिन केलं तर पडद्यावर पाटी: तुमच्या प्रदेशात ही सामग्री उपलब्ध नाही. ग्राहक सेवेला तीनदा लिहिलं, तिन्हीदा तेच उत्तर. बरं, तिथं वेगळे पैसे भरून घेतो म्हटलं, तर जर्मनीत ती सेवाच नाही. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात पुढच्या वर्षाचे पैसे माझ्या खात्यातून ऑटो-पेनं बरोबर गेले. पैसे घेताना प्रदेश आडवा येत नाही.

मग मी घरच्या राउटरवर व्हीपीएन चालू केलं. वायरगार्ड नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, बऱ्याच राउटरमध्ये आता आतच असतं. बहिणीकडं एक छोटा राउटर, त्याला फक्त टीव्ही जोडला. तो टीव्ही इंटरनेटवर जातो तो आमच्या घरातनं. ॲपला वाटतं आई हॉलमध्येच बसलीय. मोबाइलवरचं व्हीपीएन का नको, तर आईनं ते चालू-बंद करायचं म्हणजे रोज रडारड. इथं तिच्या हातात फक्त रिमोट.

करायला वाटतं तितकं सोपं नाही, हेही सांगतो. आपल्याकडचे बरेच इंटरनेटवाले शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० पासून सुरू होत असेल तर बहुधा तेच समजा. मग बाहेरून घरात शिरताच येत नाही, पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्यावा लागतो. मी घेतला. चित्र स्वच्छ दिसायला साधारण ५ एमबीपीएस वेग लागतो, आणि तो अपलोडचा, डाउनलोडचा नाही. शिवाय लाइट. देखभालीला लाइट गेली की आधी जर्मनीतनं फोन, "बाळा, आपल्याकडं लाइट गेली काय रे?" शेवटी राउटरला छोटा यूपीएस लावला.

आता वकीलसाहेब, चोरीचं बघू.

पैसे मी भरले. मालिका आईच बघते. कंपनीच्या हिशोबात एक खातं, एक टीव्ही. जर्मनीत ती मालिका दाखवायचा हक्क कुणी घेतलेलाच नसेल तर नुकसान कुणाचं झालं, हे मला एकदा कागदावर मांडून दाखवा. कॉपीराइट कायद्यातलं ६५-अ कलम तुम्ही काढाल, २०१२ ला घातलेलं, कुलूप तोडण्याबद्दल दोन वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारं. पण त्यात 'हक्काचा भंग करण्याच्या हेतूनं' असे शब्द आहेत. इथं हेतू आईची दुपार घालवण्याचा आहे. कंपनीच्या अटींत हे बसत नाही, हे मला मान्य. अट मोडली तर त्यांनी माझं खातं बंद करावं. अट मोडणं आणि चोरी यातला फरक वकिलाला मी सांगायचा म्हणजे जरा जास्तच झालं.

एक गोष्ट कबूल करतो. क्रिकेटचं असं नाही. आयपीएलचे २०२३ ते २७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले. असे हक्क देशादेशांत वेगवेगळे विकले जातात आणि तिथल्या कंपनीनंही खणखणीत पैसे मोजलेले असतात. तिथं राहणाऱ्यानं तिला डावलून इथल्या स्वस्त खात्यावर वर्षानुवर्षं बघितलं तर तिचं नुकसान आहेच. तुर्कस्तानातला पत्ता दाखवून स्वस्तात खातं काढणारे महाभाग आहेत, त्यांची वकिली मी करत नाही. टेलिग्रामवर मराठी सिनेमा पहिल्याच आठवड्यात फुकट बघून वर 'मराठी माणूस मराठी सिनेमा बघत नाही' म्हणणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. पण या सगळ्यांना आणि माझ्या आईला एकाच दोरीनं बांधायचं?

हे कुंपण नवीन नाही. डीव्हीडीच्या काळात जगाचे तुकडे पाडले होते. अमेरिका १, युरोप २, आपण ५. अमेरिकेतनं आणलेली तबकडी इथल्या प्लेअरवर चालायची नाही. मग सगळे तुकडे चालवणारे प्लेअर बाजारात उघड विकले जाऊ लागले, आणि ते घेणाऱ्याला कुणी चोर म्हटलं नाही. नेटफ्लिक्सनं जानेवारी २०१६ मध्ये भारतासह १३० देशांत एकदम दुकान उघडलं आणि त्याच महिन्यात व्हीपीएनवाल्यांना अडवणार असंही जाहीर केलं. दुकान जगभर, पण काउंटर वेगवेगळे.

युरोपनं यावर मार्ग काढलाय. १ एप्रिल २०१८ पासून तिथं नियम आहे: पैसे भरून घेतलेली सेवा युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात तात्पुरतं गेलं तरी तशीच दिसली पाहिजे, जादा पैसे न घेता. माणूस मूळचा कुठला हे कंपनीनं तपासायचं, त्याच्या पद्धती नियमातच दिल्यात. कंपन्या बुडाल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात तर सरकारच्याच उत्पादकता आयोगानं २०१६ मध्ये सुचवलं की असं कुंपण ओलांडणं हा कॉपीराइटचा भंग नाही, हे सरकारनं स्पष्ट करावं. म्हणजे मी काही जगावेगळं बोलत नाही.

आणि आपण काय केलं? २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इननं फर्मान काढलं की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन, कशासाठी वापरतो हे सगळं निदान पाच वर्षं जपून ठेवायचं. ज्या धंद्याचं भांडवलच गुप्तता, तो हे कसं करणार? एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर उचलले. पहिलीनं तर भारतीय पत्ता सिंगापूर आणि इंग्लंडातल्या यंत्रांवरून द्यायला सुरुवात केली. यात गुन्हेगार किती सापडले ते सरकारला विचारा. बाहेरगावच्या मराठी पोरांची साधी सोय मात्र गेली, आणि ती गेल्यावर माणसं वळली फुकटच्या व्हीपीएनकडं.

इथं माझी खरी कळकळ आहे. फुकट व्हीपीएन घेऊ नका हो. २०१५ मध्ये होला नावाच्या फुकट व्हीपीएनचं बिंग फुटलं होतं. वापरणाऱ्यांचंच इंटरनेट ते दुसऱ्यांना विकत होते. म्हणजे तुम्ही सिनेमा बघताय आणि तुमच्या पत्त्यावरून भलताच माणूस भलतंच करतोय. पोलीस दारात आले तर येणार तुमच्याच. घरच्या राउटरचंही तेच लक्षात ठेवा. त्याची किल्ली म्हणजे घराची किल्ली. मी ती फक्त बहिणीला दिलीय. मित्राच्या मित्राच्या मुलानं मागितली, नाही म्हणून सांगितलं, तो रागावला. रागावू दे. सर्ट-इनचा नियम सर्वसामान्यांना सेवा विकणाऱ्यांसाठी आहे, घरातल्या घरात वापरणाऱ्याला नाही. पण उद्या दहा जणांना पैसे घेऊन किल्ल्या वाटल्या की तुम्ही दुकानदार झालात.

मागणी साधी आहे. भारतात पैसे भरलेल्या माणसाला तीन-चार महिने बाहेर गेला तर त्याचंच खातं तिथं चालावं. पासपोर्टचा शिक्का मागा, ओटीपी मागा, भारतातलं बँक खातं बघा, काय हवं ते तपासा. आणि जिथं मराठी कार्यक्रमाला गिऱ्हाईकच नाही म्हणून हक्क पडून आहेत, तिथं थेट विका. पाच-दहा युरो द्यायला ती पोरं तयार आहेत, घेणाराच कोणी नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' असा शब्द आलाय. पूर्ण पैसे घ्यायचे, माणूस सीमेपलीकडं गेला की पाटी लावायची आणि नूतनीकरण मात्र चालू ठेवायचं, हा करार त्यात बसतो का, हे ग्राहक आयोगासमोर एकदा होऊन जाऊ दे. वकीलसाहेब, केस तुम्ही घेता का? फी देतो.

तोवर ज्यांची पोरं बाहेर आहेत किंवा ज्यांचे आईवडील बाळंतपणाला, नातवंडांना बघायला जाणार आहेत, त्यांनी कंपनीला लेखी विचारा. फोनवर नको, ईमेलवर. पाटीचा फोटो आणि पैसे गेल्याचा मेसेज जोडा, उत्तराची प्रत ठेवा. अशा वीसेक तक्रारी जमल्या तर खासदारांकडं एकत्र घेऊन जाऊ. पत्राचा मसुदा मराठीत करून ठेवलाय, हवा त्यांनी मागावा. राउटरचं काही विचारायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर, दिवसा मी दुकानात असतो.