मांडूच्या चौकटीवरची चार नावं

मांडूला गेलात की गाइड पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतो, "साहब, ताजमहल इसी की कॉपी है." होशंगशाहच्या संगमरवरी मकबऱ्यासमोर मीही ते ऐकलं. शाहजहाननं ताज बांधण्याआधी आपले कारागीर इथं पाठवले, त्यांचाच लेख दाराच्या चौकटीवर आहे, असं तो सांगत होता. माझी छाती थोडी फुगलीच, खोटं कशाला बोलू?

लेख फारसीत आहे. मी मराठी माध्यमातला, मला एक अक्षर लागेना. अब्बा उर्दू शाळेत शिकलेले. ते चष्मा पुसून एकेक शब्द लावत होते. एका शब्दाशी थांबून म्हणाले, "मुहंदिस. अरे, म्हणजे इंजिनिअर. तुझ्यासारखा."

घरी येऊन लेखाचा अनुवाद शोधला. साल हिजरी १०७०, म्हणजे इसवी सन १६५९. ताजची मुख्य इमारत १६४८च्या सुमारास उभी राहिली होती, आणि १६५९ मध्ये शाहजहान आग्र्याच्या किल्ल्यात मुलाच्या कैदेत होता. गाइडची गोष्ट तारखेपाशीच अडखळते.

पण लेखात जे आहे ते मला त्या गोष्टीहून मोठं वाटलं. चार नावं आहेत: लुत्फुल्लाह मुहंदिस, ख्वाजा जादूराय, उस्ताद शिवराम, उस्ताद हमीद. लुत्फुल्लाह हा उस्ताद अहमदचा मुलगा. ताजचा मुख्य स्थपती म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तोच हा अहमद. ही माणसं जियारतीला आली आणि आठवण म्हणून दोन शब्द लिहून गेली. दोनशे वर्षांहून जुनं काम पाहायला आलेली कामाची माणसं. शिवराम आणि हमीद दोघांनाही एकच पदवी, उस्ताद.

आपल्या मोबाइलवर इतिहास दोनच रूपांत येतो. एक, "आपण इथं राज्य केलं." दुसरं, "तुम्ही बाहेरचे." दोन्ही मेसेज मला माझ्या घराशी जुळवता येत नाहीत. माझे आजोबा गवंडी होते. होशंगशाह माझा कोणी लागत नाही, आणि त्याच्या गादीवर हक्क सांगायची मला हौसही नाही. नातं सांगायचंच तर ते ओळंबा हातात धरणाऱ्यांशी सांगेन. तुमच्यापैकी बहुतेकांचे आजोबाही मोमीन, पिंजारी, बागवान, अत्तार असेच कोणीतरी असतील. सुलतानांचे वारस बनून उगाच दुसऱ्याच्या भांडणात कशाला उभं राहायचं?

मांडूतच दिलावर खानाची मशीद आहे, १४०५ची. तिच्यात जुन्या मंदिरांचे खांब वापरलेले स्पष्ट दिसतात. तेही बघावं, तिथून घाईनं पुढे सरकू नये. राजानं केलेल्या गोष्टीची सफाई द्यायची जबाबदारी आपल्यावर कोणी टाकलेली नाही. आपणही ती अंगावर घेऊ नये.

जहाज महालावर मात्र मी तासभर रेंगाळलो. दोन तलावांच्या मध्ये बांधलेली ही लांबलचक इमारत. गच्चीवर पाण्याची पन्हळ दगडात गोल गोल वळवत नेली आहे. सरळ उतारानं पाणी हौदात धावलं असतं; वळणांमुळे वेग मोडतो आणि गाळ मागे राहतो. कोणीतरी बसून हा हिशेब केला असणार. त्याचं नाव कुठंच नाही. आमच्या कामात कोडची एक ओळ बदलली तरी कोणी आणि कधी बदलली याची नोंद राहते, म्हणून हे जरा जास्त लागलं.

मांडूला जाल तेव्हा रूपमतीच्या छत्रीकडे धावण्याआधी त्या चौकटीपाशी दहा मिनिटं थांबा. घरात अक्षर लावणारं कोणी वडीलधारं असेल तर त्यांना सोबत न्या. मी सध्या रविवारी सकाळी अब्बांकडून अलिफ-बे गिरवतोय. 'हे'पाशी अजून गाडी अडते, अब्बा हसतात.